मोटारसायकलीचा उतरविता येणारा रंग

मोटारसायकल घेण्यास निघालेला मनुष्य इंजिनाची ताकद, पेट्रोलचा खप आणि किंमत यांची कसून चौकशी करतो. परंतु अखेरीस पुष्कळदा त्याचे मन बसते ते रंगावर. पुढे चारपाच वर्षे गेली, की तोच रंग डोळ्यांना शिळा वाटू लागतो. कित्येकदा गाडी बापाकडून मुलाकडे येते आणि बापाला जो रंग भारदस्त वाटला, तो मुलाला म्हातारा वाटतो. अशा वेळी पूर्वी एकच उपाय होता. पॉलिश पेपरने जुना रंग घासावयाचा आणि त्यावर नवा चढवावयाचा. एकदा हे केले, की कारखान्यातील मूळ रंग कायमचा गेला. आता दुसरा एक उपाय उपलब्ध झाला आहे. मूळ रंगाला हात न लावता त्याच्यावर एक निराळा थर बसवावयाचा आणि नको झाला, की केळ्याच्या सालीसारखा तो सोलून काढावयाचा.

हे ऐकताच एक प्रश्न साहजिकच मनात उद्भवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाचा वारा, आषाढातील पाऊस, वैशाखातील ऊन आणि रस्त्यावरून उडणारे खडे हे सर्व सोसून जो थर जागच्या जागी राहतो, तो अंगठ्याच्या नखाने उचलताच निमूटपणे कसा निघून येतो? घट्ट बसणे आणि सहज निघणे हे दोन गुण एकाच वस्तूत कसे नांदतात? या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञान आणि रसायन या दोहोंत विखुरलेले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. उतरविता येणारे हे थर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार फवारून बसविण्याच्या रबरी लेपाचा. हा लेप पातळ रंगासारखा असतो आणि गाडीवरच सुकून त्याचा पापुद्रा बनतो. दुसरा प्रकार चिकटविण्याच्या तयार पापुद्र्याचा. याला बाजारात ‘रॅप’ म्हणतात. आपल्याकडील गावोगावच्या दुकानांत याचाच धाकटा भाऊ ‘रेडियम’ या नावाने विकला जातो. या नावाची थोडी गंमत आहे. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधून काढलेल्या रेडियमचा या चिकटपट्ट्यांत लवलेशही नसतो. एके काळी घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत आणि ते आकडे अंधारात चमकत. त्या चमकण्यावरून हे नाव रूढ झाले असावे. आजची चकाकणारी पट्टी स्वतः मुळीच प्रकाशत नाही. तिच्यातील काचेचे सूक्ष्म मणी अथवा लोलकासारखे बारीक पैलू, समोरून आलेला दिव्याचा प्रकाश आल्या वाटेने परत पाठवितात, इतकेच.

आता मूळ रंगाकडे वळू. कारण वरचा थर निघेल की नाही हे बऱ्याच अंशी खालच्या थरावरच अवलंबून असते. कारखान्यात टाकीच्या पत्र्यावर एकच रंग दिलेला नसतो. प्रथम गंजप्रतिबंधक थर, मग अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांवर पारदर्शक चकचकीत थर अशी साधारण रचना असते. हे सर्व थर मिळून जाडी भरते ती जेमतेम एक दशांश मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या दीडएक केसाएवढी. महत्त्वाची गोष्ट अशी, की हे थर भट्टीत तापविलेले असतात. त्या उष्णतेने रंगातील लांबलचक रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले जातात आणि त्यांचे एक सलग जाळे तयार होते. कच्च्या मातीचे मडके पाण्यात विरघळते, परंतु भाजलेल्या मडक्याचा पुन्हा चिखल होत नाही. भट्टीतील रंगाची गोष्ट तशीच आहे. त्यावर थिनरचा बोळा फिरविला तरी तो सहसा विरघळत नाही.

गल्लीतील रंगाऱ्याने फवारलेला रंग मात्र कित्येकदा निराळ्या जातीचा असतो. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘ड्युको’ म्हणतात, तो मूळचा नायट्रोसेल्युलोजचा रंग. तो केवळ थिनर उडून गेल्याने सुकतो, त्यात जाळे तयार होत नाही. म्हणून थिनर पुन्हा लागताच तो गुळाच्या खड्यासारखा पाघळू लागतो. अशा रंगावर रबरी लेप फवारला, तर लेपातील द्रावक खालच्या रंगाला भिजवून मऊ करतात, दोन्ही थरांचे रेणू एकमेकांत शिरतात आणि सुकल्यावर दोन थर उरतच नाहीत. मग ‘उतरविता येणारा’ हे शब्द डब्यावरच राहतात. जुन्या, एकदा रंगविलेल्या गाडीच्या बाबतीत होणारी फसगत बहुधा हीच असते. ती टाळण्याची कसोटी सोपी आहे. टाकीच्या खालच्या, दृष्टीआडच्या भागावर थिनरमध्ये भिजविलेले पांढरे फडके काही वेळ घासावे. फडक्याला रंग लागला, तर या गाडीस लेप नको.

आता चिकटण्याचे मर्म पाहू. दोन निरनिराळ्या पदार्थांचे रेणू एकमेकांना ओढतात, त्या ओढीस आसंजन म्हणतात. एकाच पदार्थाचे रेणू परस्परांस धरून ठेवतात, त्या गुणास संसक्ती म्हणतात. ही ओढ अत्यंत तोकडी असते. दोन रेणूंतील अंतर मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाहून फारसे वाढले, की ती जवळजवळ नाहीशी होते. म्हणूनच दोन कोरड्या काचा एकमेकींवर ठेवल्या तरी चिकटत नाहीत. वरवर गुळगुळीत दिसणारे त्यांचे पृष्ठभाग रेणूंच्या मापाने पाहता डोंगरदऱ्याच असतात आणि ते फक्त शिखरांवरच टेकतात. द्रव पदार्थ मात्र त्या दऱ्यांत उतरतो आणि सर्वत्र निकट स्पर्श साधतो. लेप आधी पातळ असावा लागतो, तो याचसाठी. पृष्ठभागावर तेलाचा, मेणाचा किंवा पॉलिशचा अंश राहिला, तर लेप गाडीला न चिकटता त्या तेलाला चिकटतो, आणि तेलाची पकड ती केवढी असणार! म्हणून धुणे आणि पुसणे यांतच निम्मे काम असते.

सामान्य रंगकामात रंगारी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरखरीत करतो. त्या ओरखड्यांत नवा रंग शिरतो आणि खिळल्यासारखा बसतो. उतरविता येणाऱ्या लेपासाठी हे कटाक्षाने टाळावे लागते. येथे पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितके चांगले. स्पर्श सर्वत्र हवा, परंतु गुंतवणूक कोठेही नको. भट्टीतील रंगाच्या जाळ्यात लेपाचे रेणू शिरू शकत नाहीत, त्यामुळे दोहोंत केवळ पृष्ठभागावरची ओढ राहते. सोलून निघण्याचा गुण या मर्यादेतून आलेला आहे.

एवढ्या ओढीवर लेप वाऱ्यात टिकतो कसा, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ३ ग्रॅम वजनाइतका भरतो. हा भार सर्व क्षेत्रावर सारखा वाटला जातो आणि एवढ्याने लेप हालतदेखील नाही. नख लावून सोलताना मात्र सगळा जोर एका बारीक रेषेवर एकवटतो. जेथे पापुद्रा गाडीपासून विलग होत असतो, त्या रेषेपुरतेच रेणू प्रत्येक क्षणी सोडवावे लागतात. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत स्वस्थ असतात. जाड ग्रंथ एका झटक्यात फाडता येत नाही, पण एकेक पान करून तो सहज फाटतो, तशातलाच हा प्रकार. म्हणूनच लेपाची कड ही त्याची दुबळी जागा होय. कड उघडी पडली, की वाराही नखाचेच काम करू लागतो.

सोलताना पापुद्रा मध्येच तुटू नये, हीही अट आहे. ती पाळली जाते केवळ जाडीमुळे. समजा, एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी सोलण्यास १ न्यूटन, म्हणजे अदमासे १०० ग्रॅम वजनाएवढा जोर लागतो, आणि पापुद्र्याचा पदार्थ प्रत्येक चौरस मिलिमीटरला ५ न्यूटन ताण सोसू शकतो. पापुद्रा २० मायक्रॉन जाडीचा असेल, तर पट्टीचा छेद ०.२ चौरस मिलिमीटर भरतो आणि तो जास्तीत जास्त १ न्यूटन सोसतो. म्हणजे सोलण्याचा जोर आणि तुटण्याचा जोर बरोबरीचे झाले. पट्टी निघेल किंवा तुटेल, नेम नाही. तोच पापुद्रा २०० मायक्रॉन जाड असेल, तर तो १० न्यूटन सोसेल. सोलण्यास मात्र पूर्वीइतकाच जोर पुरेल, कारण सोलण्याचा जोर मुख्यतः रुंदीवर अवलंबून असतो, जाडीवर नव्हे. लेपाचे पाचसहा हात द्यावे असे का सांगतात, ते यावरून ध्यानात येईल. रंग तर दोनतीन हातांतच झाकला जातो. पुढचे हात दिसण्यासाठी नसून उद्या काढता यावे यासाठी असतात. पैसे वाचविण्यासाठी जो दोन हातांवर थांबतो, त्याला पुढे नखाएवढे तुकडे खरवडीत बसावे लागते.

ही कल्पना मोटारसायकलीच्या हौशीतून निघालेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या नौदलाने आपल्या अनेक युद्धनौका राखीव ताफ्यात ठेवून दिल्या, तेव्हा तोफांवर जाळीसारखा प्लास्टिकचा फवारा मारून त्यांभोवती रेशमाच्या कोशासारखे हवाबंद आवरण तयार केले. समुद्राची खारी हवा आत शिरू नये, आणि वेळ आली की आवरण फाडून तोफ पुन्हा कामास लागावी, हा हेतू. अणुकेंद्रांतून पृष्ठभागावरील किरणोत्सारी धूळ उचलण्यासाठीही असे लेप वापरतात. लेप पसरावयाचा, सुकू द्यावयाचा आणि धुळीसकट सोलून काढावयाचा. दुर्बिणींच्या आरशांवरील धूळही याच रीतीने काढतात. हत्यारांच्या मुठी पातळ रबरात बुडवून त्यांवर मऊ आवरण चढविण्याची पद्धतही जुनीच. तेच द्रव पुढे फवाऱ्याच्या डब्यात आले आणि त्यांना वाहनांच्या हौशी मालकांनी आपलेसे केले.

डब्यात काय असते? कृत्रिम रबर, थोडी राळ, रंगद्रव्य आणि या सर्वांना पातळ ठेवणारे टोल्युईन, झायलीन किंवा नॅप्था यांसारखे द्रावक. फवारल्यावर द्रावक उडून जातात आणि रबराचे लांब रेणू एकमेकांत गुरफटून पापुद्रा बनतो. पाण्यात रबराचे सूक्ष्म कण तरंगत ठेवलेले लेपही मिळतात. त्यांचा वास सौम्य, परंतु सुकणे सावकाश.

फवारणी साधारणतः वीतभर अंतरावरून करावी. फार जवळून केली, तर ओघळ येतात. फार दुरून केली, तर थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळू पेरल्यासारखा खरखरीत होतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. द्रावक उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो आणि पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असली, तर त्या गार पृष्ठभागावर दव साचते आणि ओल्या लेपात पाणी कोंडले जाऊन त्यावर पांढुरकी झाक येते. कोकणात श्रावणात हे काम काढू नये. विदर्भात मार्गशीर्षात खुशाल काढावे.

द्रावकांच्या वाफेबद्दल मात्र अधिक गांभीर्याने बोलले पाहिजे. टोल्युईनची वाफ हवेहून सुमारे तिप्पट जड असते. ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि दाराखालून दुसऱ्या खोलीतही जाते. तेथे शेगडी पेटलेली असेल किंवा एखाद्या बटनाची ठिणगी पडली, तर आग लागण्यास तेवढे पुरते. बंद खोलीत ही वाफ श्वासावाटे घेतली असता डोके जड होते, चक्कर येते आणि वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणारी पोरे आपण पाहतो. रुमालाने थेंब थोडेफार अडतील, वाफ अडत नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटाच लागतो आणि ती डबीही ठरावीक काळाने बदलावी लागते. हौशी माणूस वर्षातून एकदा हे काम करतो. दुकानात कामाला असलेला मुलगा ते रोज करतो. रंग कोणता घ्यावा याचा विचार करताना याचाही विचार करावयास हवा. काम मोकळ्या हवेत, सावलीत, विस्तवापासून दूर आणि बॅटरीची तार सोडवून करावे.

लेप कोठे देऊ नये, हेही सांगितले पाहिजे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पाकळ्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यांवर रबर चढविणे म्हणजे तापलेल्या माणसाला घोंगडी पांघरणे होय. सायलेन्सर, ब्रेकची चकती, टायर आणि दिव्यांच्या काचा यांना लेपाचा स्पर्शही होऊ देऊ नये. काळसर पापुद्र्याआडचा मागचा तांबडा दिवा रात्री मागून येणाऱ्यास दिसत नाही. न रंगविलेली काळी प्लास्टिकची मडगार्डे पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असतात. या पदार्थाची दुसऱ्या पदार्थांना ओढून घेण्याची शक्ती स्वभावतःच कमी असते. त्यावर पाणीही पसरत नाही, थेंबाथेंबांनी गोळा होते. लेप तेथे बसतो, परंतु थोड्याच दिवसांत आपण होऊन सुटतो.

मोटारीला नसलेली एक अडचण मोटारसायकलीला आहे. मोटारीत पेट्रोल भरण्याचे तोंड एका बाजूस, झडपेआड असते. मोटारसायकलीत ते नेमके टाकीच्या माथ्यावर, सर्वांत देखण्या जागी असते. पंपावर नळी काढताना चार थेंब सांडणे हे ठरलेलेच. पेट्रोल आणि लेपातील द्रावक हे एकाच कुळातले. दोन्ही हायड्रोकार्बनेच. लेपातील रबराचे रेणू जाळ्याने बांधलेले नसून केवळ गुरफटलेले असतात, हे वर आलेच आहे. त्यामुळे पेट्रोल पडताच ते सुटू लागतात. लेप फुगतो, सुरकुततो, चिकट होतो आणि बोट लावले, तर बोटाबरोबर येतो. तोंडाभोवतीची कड एकदा अशी सुटली, की पुढचे पेट्रोल लेपाखाली शिरते. मग पेट्रोल उडून जाईपर्यंत तो भाग पत्र्यापासून फोडासारखा वर उचललेला राहतो. सगळ्या गाडीला लेप देणारा मनुष्य पहिल्या महिन्यात पस्तावतो, तो या वीतभर जागेमुळे. सांडलेले ताबडतोब टिपून घेणे हा एक उपाय. तोंडाभोवती चार बोटे रुंदीचे वर्तुळ मूळ रंगाचेच ठेवून त्याची नक्षी करणे हा दुसरा. माझ्या मते टाकीला लेप न देता तयार पापुद्रा चिकटविणे आणि लेप बाजूच्या पत्र्यांना व चाकांच्या कड्यांना ठेवणे, हा सर्वांत शहाणपणाचा.

तयार पापुद्रा बहुधा पॉलिव्हिनाइल क्लोराइड या प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक स्वभावतः कडक आणि ठिसूळ. १९२६ साली अमेरिकेतील वॉल्डो सेमन हे रसायनज्ञ धातूला रबर चिकटविणारा पदार्थ शोधीत होते. त्या खटपटीत उंच उत्कलनबिंदूच्या द्रवात हे प्लास्टिक तापविले असता ते रबरासारखे लवचीक होते, असे त्यांना आढळले. चिकट पदार्थ हाती लागला नाही, पण नरम प्लास्टिक लागले. आणि आज तेच गाडीवर चिकटविले जात आहे. हा पापुद्रा दोन रीतींनी करतात. तापलेल्या प्लास्टिकचा गोळा रुळांमधून दाबून पातळ केला, तर तो स्वस्त पडतो. परंतु ताणून पातळ केल्याची ओढ त्यात शिल्लक राहते आणि पुढे उन्हात तो आक्रसून कडा मागे घेतो. दुसऱ्या रीतीत पातळ मिश्रण कागदावर ओतून भट्टीत सुकवितात. त्यात अशी ओढ जवळजवळ नसते. तो महाग, परंतु अधिक पातळ, सुमारे ५० मायक्रॉनचा असतो आणि वळणांवर नीट बसतो.

वळणांची अडचण भूमितीतील आहे. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८२७ साली सिद्ध केले, की पृष्ठभाग न ताणता, न फाडता कितीही वाकविला, तरी त्याची एक विशिष्ट वक्रता बदलत नाही. कागद नळीभोवती गुंडाळता येतो, कारण नळी एकाच दिशेने वाकलेली असते. चेंडूवर तोच कागद बसविताना चुण्या पडतातच. उलट, मोसंबीची साल टेबलावर सपाट करू लागलो, की ती कडेला फाटते. पृथ्वीचा अचूक सपाट नकाशा निघत नाही, तोही याचमुळे. मोटारसायकलीची टाकी वरच्या अंगाने चेंडूसारखी फुगीर आणि गुडघे टेकतात तेथे खोगिरासारखी खोलगट असते. म्हणजे एकाच टाकीवर दोन्ही जातींची वक्रता. पापुद्रा तेथे ताणल्याविना बसूच शकत नाही. कारागीर तो गरम हवेने मऊ करून ताणतो. ताणलेल्या जागा पूर्वस्थितीस जाऊ पाहतात. म्हणून काम झाल्यावर त्या पुन्हा सुमारे ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात, की आतील ओढ निवते. हे केले नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात खोलगट भागातील पापुद्रा डोलकाठीवरील शिडासारखा ताठ होऊन उचलला जातो. हवेचे फुगे राहू नयेत यासाठी चांगल्या पापुद्र्यांच्या गोंदात डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक चऱ्या ठेवलेल्या असतात. पट्टीने दाबले, की हवा त्यांतून बाहेर जाते आणि पुढे गोंद पसरून चऱ्या बुजतात.

यावरून लेप आणि पापुद्रा यांतील भेद लक्षात येईल. लेप द्रव असल्याने त्याला गाउसचा नियम आड येत नाही. तारा, जाळ्या, आरे अशा अडचणीच्या जागी तोच उपयोगी. पापुद्रा पेट्रोलला अधिक दाद देत नाही, गुळगुळीत असतो, पण कारागिराचा हात मागतो.

आता काळाचा परिणाम. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण रबराच्या व प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. पापुद्र्यातील नरम करणारा द्रव हळूहळू बाहेर झिरपतो. गोंद मात्र उन्हात मऊ होऊन पृष्ठभागाच्या उरल्यासुरल्या दऱ्यांत उतरत राहतो. म्हणजे दिवसेंदिवस संसक्ती घटत जाते आणि आसंजन वाढत जाते. वरच्या हिशेबातील दोन आकडे एकमेकांकडे सरकतात आणि ज्या दिवशी ते बरोबरीला येतात, त्या दिवसापासून हा थर उतरविता येणारा राहत नाही. रबरी लेपाच्या बाबतीत आपल्या उन्हात हा दिवस दोनतीन वर्षांतच येऊ शकतो. तोही सर्वत्र एकदम येत नाही. आकाशाकडे तोंड असलेला टाकीचा माथा आधी म्हातारा होतो, बाजू मागाहून. काळा लेप तुलनेने अधिक टिकतो, कारण काजळी अतिनील किरण स्वतः शोषून रबराला वाचविते. टायर काळे असण्याचे हेही एक कारण आहे. लेप अजून धडधाकट दिसत असतानाच काढावा. तडे दिसू लागल्यावर काढू म्हणणाऱ्यास उशीर झालेला असतो.

सरकारी बाजूही आहे. वाहनाच्या नोंदणीपत्रात रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. थर काढता येण्याजोगा असला, तरी रस्त्यावरील पोलिसास तो वेगळा रंगच दिसतो. तेव्हा सगळी गाडी बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. एक रंग तर सर्वांनाच वर्ज्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२१ व्या नियमाप्रमाणे ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. लष्करी थाटाची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. नंबराच्या पाटीवर अर्थातच काहीही चढवावयाचे नाही.

लेप देण्यापूर्वी जुन्या गाडीचा पत्रा डोळ्यांखालून घालावा. रंगाचा टवका उडाला असेल, तेथे गंज आधी काढून ती जागा बुजवावी. नाही तर पापुद्र्याखाली कोंडलेली ओल आत आपले काम करीत राहते आणि वरून काहीच दिसत नाही. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या बुलेटच्या टाकीवर कारागीर ब्रशाने हाताने सोनेरी रेघा ओढीत. एखाद्या घरात अशी जुनी टाकी असेल आणि त्या रेघांवर पारदर्शक थर नसेल, तर तेथे पापुद्रा मुळीच लावू नये. सोलताना जो जोड सर्वांत दुबळा, तो सुटतो. आणि येथे तो पापुद्रा व रंग यांमधला नसून रेघ व टाकी यांमधला असण्याचा संभव असतो. ती रेघ पापुद्र्याबरोबर निघून येईल आणि ओढणारा हात तर पुन्हा मिळणार नाही.

काढण्याचे काम घाईचे नव्हे. सकाळच्या गारव्यात गोंद कडक असतो आणि जोर अधिक लागतो. म्हणून गाडी थोडी उन्हात ठेवून किंवा गरम हवेने पृष्ठभाग हाताला सोसेल इतपत तापवून एका कडेपासून सुरुवात करावी. पापुद्रा एकसारख्या सावकाश ओढीने मागे दुमडीत न्यावा. गोंद हा अतिशय दाट द्रवासारखा वागतो. त्याला वेळ दिला, की तो वाहून सोडतो. हिसका दिला, की घट्ट धरतो. रबरी लेपाची कड अंगठ्याने चोळली, की तिची वळी होते आणि तेथून मोठमोठे तुकडे निघत जातात. मागे राहिलेला चिकटा रॉकेलच्या बोळ्याने पुसून साबणाच्या पाण्याने धुवावा. काढलेले तुकडे मात्र जाळू नयेत. पॉलिव्हिनाइल क्लोराइड जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो आणि डोळ्यांना व छातीला बाधतो.

सर्व थर निघाला, की कित्येकदा एक चमत्कारिक दृश्य दिसते. जेथे पट्टा होता, तेथील रंग कारखान्यातून आल्यासारखा गडद राहिलेला असतो आणि भोवतालचा उन्हाने विटलेला असतो. पट्टा गेला तरी त्याची आकृती टाकीवर उमटून राहते. पॉलिश करून भोवतालच्या रंगावरचा विटलेला पातळ भाग काढला, तर ती फिकी होते. पण रंगद्रव्यच विटले असेल, तर तिरप्या उजेडात ती पुढेही बरीच वर्षे ओळखू येते.